नको असलेली एक गोष्ट

तिने ड्रॉवरमधून दोन कोरी कार्डं काढली, टेबलावरून दोन्ही मुलांपुढे सरकवली आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या मोठ्या माणसांना म्हणाली,

"तुम्ही दोघं जरा बाहेर बसता? पाचच मिनिटं."

मोठी माणसं निमूटपणे बाहेर गेली. काचेच्या दारापलीकडे एक बाक होता, त्यावर जाऊन बसली.

तिच्याकडे हे नेहमीचंच होतं. परदेशी सहली आखून देणाऱ्या त्या कचेरीत ती एकोणीस वर्षं काम करत होती आणि वयात आलेली मुलं असलेलं कुटुंब दारात दिसलं, की ते तिच्या टेबलाकडे पाठवायचं असा तिथला शिरस्ता होता. आईबापांना काय हवं ते ओळखायला अक्कल लागत नाही. त्यांना शांतता हवी असते, आणि वर मुलांनी आनंदी दिसलेलं हवं असतं. मुलांना विचारायला जावं तर ती खांदे उडवतात. म्हणून तिने कार्डांची युक्ती काढली होती. काय हवं ते विचारायचंच नाही, काय नको ते विचारायचं. प्रत्येकाने एकच गोष्ट लिहायची, नाव घालायचं नाही, कार्ड टेबलावरच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. ते ती एकटी वाचणार, आईबापांना दाखवणार नाही, आणि लिहिलेली गोष्ट सहलीत होणार नाही. हा शब्द तिने आजवर एकदाही मोडला नव्हता. एका मुलीने 'बाबांनी पोहायच्या चड्डीत फोटो काढायचे नाहीत' असं लिहिलं, तर तिने त्या अख्ख्या घराला डोंगरात धाडलं होतं. समुद्रासाठी हटून बसलेल्या त्या गृहस्थांना आपला समुद्र कुठे गेला ते अजून कळलेलं नाही.

आज फरक एवढाच होता, की टेबलापलीकडे बसलेली मुलं तिची स्वतःची होती.

"आई, आम्हीपण लिहायचं?" धाकट्याने विचारलं. त्याला तेरावं संपत आलं होतं आणि आवाज मध्येच घसरत होता.

"इथे मी आई नाही. इथे मी बाई."

"बरं, बाई," तो म्हणाला आणि हसला.

थोरली हसली नाही. ती सोळा वर्षांची होती आणि कोणतीही गोष्ट उलटून पाहिल्याशिवाय हातात घेत नसे. तिने कार्डाची दुसरी बाजू पाहिली.

"तू खरंच कुणाला सांगत नाहीस?"

"नाही."

"बाबालापण नाही?"

"बाबाला तर नाहीच नाही."

"पण कुणी काय लिहिलंय ते तुला कळत असेल ना?"

"मला सगळ्यांचं कळतं. कळलं असं दाखवत नाही फक्त."

हे म्हणताना तिला थोडा अभिमान वाटला. नाव नसलेल्या कार्डावरून मूल ओळखण्यात तिचा हात कुणी धरला नसता. दोन टेबलं सोडून पलीकडे विमानांची तिकिटं बघणारे, सगळे ज्यांना मामा म्हणायचे ते गृहस्थ तिला चिडवायचे, की सहली सोड आणि भविष्य सांगायला बस.

मुलांनी एकमेकांपासून हाताचा आडोसा करून लिहिलं. एकच पेन होतं, ते आधी थोरलीने घेतलं. ती लिहीत असताना आईने मुद्दाम खिडकीकडे पाहिलं.

तीन वर्षांपूर्वी घर मोडलं तेव्हा मुलांना विचारलं गेलं होतं, आणि मुलांनी शाळेजवळचं घर सांगितलं होतं. शाळेजवळचं घर वडिलांचं होतं. त्याचा अर्थ तेवढाच आहे, शाळा जवळ आहे एवढाच, असं ती स्वतःला समजावत आली होती. एक सोडून एक रविवार तिचा. आणि रोज संध्याकाळी सातला फोन. हे सातचं तिने भांडून मिळवलं होतं, बाकी बहुतेक गोष्टी तिने न भांडता सोडल्या होत्या.

फोनवर थोरली 'हो', 'नाही' आणि 'ठीक' या तीन शब्दांत काम भागवायची. धाकटा मात्र बोलायचा.

"काय केलं आज?"

"काही नाही गं. कंटाळा."

"सुट्टी होती ना? कुठे गेला नाहीत?"

"गेलो होतो धरणावर. नुसतं ऊन. ताई फोनमध्ये. मी आपला बसून होतो."

असा फोन झाला की ती भांडी घासताना गुणगुणायची. पोरगं तिकडे रमत नाही याचा तिला आनंद व्हायचा. त्या आनंदाची लाजही वाटायची, आणि लाज वाटूनसुद्धा दुसऱ्या दिवशी साडेसहापासूनच ती फोन जवळ घेऊन बसायची.

मग महिन्यापूर्वी मुलांच्या वडिलांचा फोन आला. पूल बांधणारा माणूस, बोलतानाही आधी दोन्ही काठ मोजून घ्यायचा.

"चौघांना दहा दिवस बाहेर न्यायचं ठरतंय. म्हणजे मुलांना, आणि आम्ही. तुझ्याकडून आखून घेतलं तर चालेल का? तुला चालत असेल तरच. मुलांचं तुझ्याइतकं कुणाला कळतं?"

शेवटच्या वाक्याने ती विरघळली. मामांना कळलं तेव्हा ते खुर्चीतून अर्धवट उठलेच.

"डोकं फिरलंय का तुझं? दे ते काम मला."

"नाही. मीच करणार."

"स्वतःच्या हाताने स्वतःला वगळून सहल आखणार?"

मामांना कसं सांगणार? त्या दहा दिवसांत मुलं ज्या खोलीत झोपतील ती खोली तिने निवडलेली असणार होती, ज्या रस्त्याने चालतील तो रस्ता तिने नकाशावर बोट ठेवून पाहिलेला असणार होता. ती तिथे नसणार होती, पण तिच्याशिवाय तिथलं पानही हलणार नव्हतं. एवढ्यावर दहा दिवस काढता येतील असं तिला वाटलं.

"झालं," धाकटा म्हणाला. दोन्ही कार्डं डब्यात पडली.

तिने काचेवर टकटक करून मोठ्यांना आत बोलावलं. वडील येऊन थोरलीच्या मागे उभे राहिले. त्यांची बायको दातांची डॉक्टर होती. ती कोपऱ्यातली खुर्ची स्वतःच उचलून घेऊन आली. मुलं तिला मावशी म्हणायची. आईला बहीण नव्हती, त्यामुळे ते नातं रिकामंच पडलं होतं. ते हिच्या वाट्याला गेलं. बाई वाईट असती तर सगळं सोपं गेलं असतं. पण ती वाईट नव्हती, आणि बोलण्याआधी समोरच्याचं बोलणं संपू द्यायची.

"बेट चांगलं आहे," आईने नकाशा पसरला. "समुद्र आहे, जुनं गाव आहे, चालायला भरपूर. फक्त बोटीच्या फेऱ्या मी टाळल्यात. धाकट्याला मळमळतं."

मग डॉक्टर हळूच म्हणाली,

"आता नाही होत त्याला. मागे धरणावर तीन तास बोटीत होता. उतरायला तयार नव्हता."

आईने धाकट्याकडे पाहिलं. तो खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. नाडी सुटलेली नव्हती.

वाढवून सांगतेय, आईला वाटलं. धरणावर तो नुसता बसून होता, त्यानेच सांगितलं होतं. पण गिऱ्हाइकाशी वाद घालायची तिची पद्धत नव्हती. "हो का?" ती म्हणाली, आणि तिने 'बोट नको' या शब्दांवर एक सरळ रेघ ओढली. नंतर थोरलीला विमानात खिडकी हवी असते म्हणून तिने सांगितलं, तेव्हा थोरली म्हणाली की खिडकी ती हल्ली भावाला देते. धाकट्याला दूध चालत नाही म्हटलं, तर ते चालायला लागून वर्ष झालं होतं. एकेका रेघेसरशी ती जरा जास्तच ताठ बसत गेली. ज्या मुलांसाठी ती हे सगळं आखत होती ती मुलं तीन वर्षांपूर्वीची होती, आणि समोरची दोघं त्यांची कुणीतरी दूरची भावंडं असावीत तशी गप्प बसली होती.

"सातच्या फोनचं कसं करायचं?" डॉक्टरनेच आठवण काढली. "तिथली वेळ वेगळी असेल ना?"

"बघून ठेवलंय मी. आपले सात म्हणजे तिथले दुपारचे साडेतीन. रोज साडेतीन ते चार तुम्ही हॉटेलवर असाल असंच बसवते सगळं."

"चालेल," वडील म्हणाले. मुलांकडे कुणी पाहिलं नाही.

निघताना धाकट्याने टेबलाला वळसा घालून तिला मिठी मारली. आता त्याचं डोकं तिच्या हनुवटीला लागत होतं. थोरली दारातूनच "येते" म्हणाली.

ते दिसेनासे झाल्यावर तिने डबा उघडला.

पहिलं कार्ड. 'सकाळी लवकर उठवायचं नाही.' ती हसली. हा धाकटा. याला शाळेसाठी उठवताना पाय धरून ओढावं लागायचं, उशी बरोबरच यायची.

दुसरं कार्ड तिने हसत हसतच उचललं.

'रोज आईला फोन नको. मजा आली तरी नाही आली म्हणून सांगावं लागतं.'

तिने ते एकदा वाचलं, आणि टेबलावर पालथं ठेवलं. मग उगाचच डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. कचेरीत कुणाच्या तरी छपाईयंत्राचा आवाज चालू होता.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"काही नाही. विमान बघताय ना? पहाटेचं नको. सकाळी लवकर उठायला लागू नये."

मामा थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले, मग स्वतःच्या पडद्याकडे वळले.

थोरलीने लिहिलं होतं, यात तिला शंका नव्हती. अक्षरावरून सांगता आलं नसतं. दोघांच्या वह्यांना हात लावून तीन वर्षं झाली होती, अक्षरं कुठल्या कुठे गेली होती. पण 'हो', 'नाही', 'ठीक' म्हणून फोन संपवणारी कोण? 'खरंच सांगत नाहीस ना' असं दोनदा विचारून घेणारी कोण? तिला आधी राग आला. मी कधी म्हटलं होतं, मजा आली असं सांगू नका म्हणून? कधी एका शब्दाने तरी?

शब्दाने नव्हतंच म्हटलं. पहिल्या वर्षीची एक संध्याकाळ तिला आठवली. थोरली पोहायला शिकली होती आणि फोनवर धापा टाकत सांगत होती, की मावशीने हात सोडला आणि मी बुडलेच नाही, आई, बुडलेच नाही! आई "अगंबाई, छान" म्हणाली होती आणि पुढे तिच्या तोंडून शब्दच फुटेना. पलीकडून "हॅलो? आई? हॅलो?" येत राहिलं. फोन स्पीकरवर होता. धाकटा मागून म्हणाला होता, "ती रडतेय."

त्यानंतर थोरलीने कधी काही सांगितलं नाही. आईला वाटलं होतं, पोरीचं वय आहे.

सहल आखायला तिने आठवडा घेतला. इतर कुटुंबांची दोन दिवसांत व्हायची. रोजचे साडेतीन ते चार तिने आधी खोडले, मग परत लिहिले. रोज नको तर एक दिवसाआड ठेवावा. नाहीतर पोचल्यावर एक आणि निघताना एक. कार्डावर 'रोज' लिहिलंय, म्हणजे कधीतरी चालेल. अशा पळवाटा तिला आईबापांच्या तोंडून चांगल्या ओळखीच्या होत्या; 'आम्ही रोज थोडेच म्हणतो' असं म्हणतच ते मुलांचा जीव खायचे. परक्यांच्या पोरांना दिलेला शब्द पाळला आणि पोटच्या पोरीला दिलेला मोडला, असं करून उद्या त्या टेबलाशी कोणत्या तोंडाने बसायचं?

तिने दहाही दिवसांचे साडेतीन खोडले. चौथ्या दिवशी त्या जागी बोट घातली, तीन ते सहा. लांबची फेरी.

शनिवारी चौघं कागद न्यायला आली. तिने फिकट निळी साडी नेसली होती आणि काय बोलायचं ते आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं. एकेक पान उलटत ती सांगत गेली. या दिवशी जुनं गाव, सकाळी दहाच्या आधी खोलीबाहेर पडायचं नाही. या दिवशी टेकडी. चौथ्या दिवशी बोट.

वडील बोटाने ओळी मोजत होते.

"यात फोनची वेळ दिसत नाही कुठे."

"ते राहू दे," ती म्हणाली. "त्या दिवसांत मला जमणार नाही. हंगाम आहे, संध्याकाळी आठ आठ वाजेपर्यंत माणसं समोर असतात."

दोन टेबलं सोडून मामा खोकले.

"मग थोडा उशिरा करू? किंवा एक दिवसाआड?" डॉक्टर म्हणाली.

"नको. एकदाही नको. दहाच दिवस तर आहेत. माझंही चित्त कामात राहील."

हे सगळं ती कागदाकडे बघून बोलली. जसं आरशासमोर म्हटलं होतं तसंच निघालं, आवाज कुठे अडकला नाही. मग तिने मान वर करून थोरलीकडे पाहिलं. दहा दिवस दिले होते तिने. त्याच्या बदल्यात पोरीच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरताना तरी बघावं, एवढीच इच्छा होती.

थोरली तिच्याकडे टक लावून बघत होती.

"एकदापण नाही?"

"अगं, काम असतं."

"पोचल्यावर?"

"पोचल्याचं बाबा कळवेल."

"पण मी तुला दाखवणार होते सगळं. फोनवर. तू निवडलेली खोली, गाव..." ती थांबली. तिची हनुवटी लहानपणी आवळायची तशी आवळली गेली. "जाऊ दे. तुला वेळ नसेल तर राहू दे."

आईला क्षणभर काहीच कळेना. मग तिने शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं.

धाकट्याचे खांदे खाली आले होते. इतका वेळ ते कानांपाशी चढवून तो बसला होता हे ते खाली आल्यावर कळत होतं. कुणी पाठीवरचं जड दप्तर काढून घ्यावं तसा तो खुर्चीत सैल झाला होता. त्याने कागद स्वतःकडे ओढला, पानं भराभर उलटून चौथा दिवस काढला, आणि त्याचा घसरता आवाज एकदम वर गेला.

"तीन तास? बोट केवढी असते? आपल्याला चालवायला देतात?"

डोळे असे चमकत होते, की ते चमकणं तिने तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं, की आई आपल्याकडे बघतेय. त्याने कागद खाली ठेवला.

"म्हणजे, आपलं असंच विचारलं," तो म्हणाला. "कंटाळाच येणार आहे म्हणा."

धरणावरचं ऊन. बेचव जेवण. गार पाणी. दर संध्याकाळी सातला त्याची एक तक्रार, न चुकता, इतकी वर्षं. आणि ती भांडी घासताना गुणगुणत होती.

थोरली मान फिरवून दाराकडे बघत बसली होती. तिचा हात धरावा, तिला सांगावं, अगं, ते कार्ड तुझं नाही, मला वाटलं तुझं आहे. पण त्यातलं काहीच सांगता येणार नव्हतं. थोरलीला सांगायचं तर धाकट्याचं कार्ड उघडं करावं लागलं असतं, आणि तो तर तिथेच बसला होता, तिच्या तोंडाकडे बघत.

"नाही येणार कंटाळा," आई म्हणाली. "चांगली दोन मजली असते बोट. वरच्या मजल्यावर चाक असतं. विचारलंस तर देतात थोडा वेळ हातात. विचार मात्र."

"खरंच?"

"खरंच. धमाल येते. सगळी मुलं म्हणतात."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती मनापासून बोलतेय की काय, ते ताडत होता. तेरा वर्षांचं पोर, पण या कामात चांगलाच मुरलेला होता. ती हसत राहिली, डोळ्यांसकट, तो पुन्हा कागदाकडे वळेपर्यंत.